आबांची जागल, समूची झोप

आमच्या समूला पहिला झटका आला तेव्हा मी तिच्यावर ओरडले होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल.

सकाळचे सहा वाजले असतील. समू म्हणजे समृद्धी, माझी एकुलती एक लेक, तेव्हा आठ वर्षांची. ती अंथरुणातच होती. अचानक तिचं तोंड डावीकडे ओढलं गेलं, गाल उडायला लागला, लाळ गळायला लागली आणि घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज यायला लागला. ही पोरगी नकला करण्यात पटाईत. शाळेतल्या सरांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत म्हणाल त्याची हुबेहूब नक्कल करते. मला वाटलं, शाळा बुडवायचं नवीन सोंग काढलं. "पुरे झालं नाटक, ऊठ आता!" म्हणत मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तिचे डोळे दिसले. ती माझ्याकडेच बघत होती. तिला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं.

दोनेक मिनिटांत ते थांबलं. ती लगेच झोपून गेली, आणि मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. त्या धपाट्याबद्दल मी तिला नंतर कितीदा तरी सॉरी म्हटलं. ती म्हणते, "मले लागलंच नाई वं आई." मला मात्र तो चांगलाच लागला आहे.

मी अमडापूरला राहते, घरीच लेडीज टेलरचं काम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको. लिहायची सवय फक्त मापं लिहिण्यापुरती. पण समूच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, तुमच्या घरात जे झालं ते लिहून द्या, बाहेर बाकावर बसलेल्या आयांना वाचायला ठेवते. म्हणून हे लिहिते आहे. आजाराची माहिती मॅडम देतीलच. आमच्याकडून काय चुकलं, तेवढं मी सांगते.

कांदा, चप्पल आणि चमचा

दुसरा झटका पंधरा दिवसांनी आला, तोही झोपेतच. या वेळी घरात सगळे जागे झाले. सगळे म्हणजे मी, समूचे बाबा आणि आबा. आबा म्हणजे माझे सासरे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे घरातलं वडीलपण सगळं आबांकडे. आवाजावरून शेजारच्या काकूही धावत आल्या. कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी चप्पल हुंगवली. आबांनी दातखीळ बसू नये म्हणून तोंडात चमचा घातला. समूच्या ओठातून रक्त आलं ते झटक्याने नव्हे, आमच्या चमच्याने.

आता आम्हाला माहीत आहे. कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळाकडे बघायचं आणि जवळ बसून राहायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा. त्या दिवशी आमच्यातल्या एकानेही घड्याळ पाहिलं नाही. नंतर कोणी म्हणालं दोन मिनिटं चाललं, कोणी म्हणालं अर्धा तास.

जाताना काकू माझ्या कानाशी लागल्या. "पोरीची जात हाय. कोणाले सांगू नोको बाप्पा. उद्या सोयरीक जमवाले तरास होईन." आठ वर्षांच्या पोरीची सोयरीक! मला संताप आला. पण खरं सांगते, पुढचे दोन महिने मी गावात कोणालाही सांगितलं नाही.

वायरींची टोपी

चिखलीच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला मुलांच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथून निरोप आला की डोक्याला वायरी लावून एक तपासणी करायची आहे, आणि ती करताना पोरगी झोपलेली हवी. म्हणून आदल्या रात्री तिला उशिरापर्यंत जागवा, पहाटे लवकर उठवा, गाडीत झोपू देऊ नका.

हे ऐकून आबांची कळी खुलली. रात्र जागवणं हे त्यांचं खातं. आमच्याकडे हरभरा घाट्यावर आला, म्हणजे दाणे भरायला लागले, की रात्री रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, शेतात उतरतात. मग माणसं जागलीला जातात. मचाणावर बसायचं, बॅटरी फिरवायची आणि तासातासाने लांब हाक द्यायची, "होऽऽ!" शेजारच्या शेतातून उत्तर आलं की समजायचं, तो गडी जागा आहे. उत्तर नाही आलं तर झोपला, नाहीतर काही बरंवाईट झालं. आबांची हाक पंचक्रोशीत प्रसिद्ध. आणि जागलीला झोपणाऱ्या माणसाबद्दल ते जे शब्द वापरतात, ते इथे लिहिता येणार नाहीत.

त्या रात्री त्यांनी समूला मचाणावरच्या गोष्टी सांगितल्या, हाक द्यायला शिकवली. ती खूश. पहाटे चारला आम्ही चौघं निघालो. चिखली, देऊळगाव राजा, जालना अशा वाटेने दोन एसटी बदलत पोचलो. वाटेत समूची मान पडायला लागली की आबा कानात "होऽऽ" करायचे आणि ती दचकून "होऽऽ" म्हणायची. पुढच्या सीटवरची माणसं वळून वळून पाहत होती.

तपासणीच्या खोलीत एका ताईंनी तिच्या केसांत पांढरी पेस्ट लावून वायरी चिकटवल्या. समू म्हणाली, "मी रोबोट दिसून राह्यली का?" आणि दुसऱ्या मिनिटाला झोपली. मी बाजूला बसून ती झोपलेली बघत होते. कागदावर रेघा उमटत होत्या, त्यातलं मला काही कळत नव्हतं. तिला थंडी वाजेल म्हणून त्या ताईंनी आपली शाल काढून तिच्यावर घातली. त्यांचं नाव मी विचारलं नाही, चेहरा लक्षात आहे. ती पेस्ट केसांतून निघायला तीन दिवस लागले.

मग मॅडमनी बोलावलं. त्या म्हणाल्या, हा अपस्मार आहे, मिरगीचा एक प्रकार. या वयात दिसतो आणि बऱ्याच मुलांचा मोठेपणी जातो. झटके झोपेत येतात, झोप लागताना किंवा उठायच्या आधी. गोळी दिली. आणखीही त्या बरंच काही बोलल्या असणार. झोप पुरी होऊ द्या, हेही नक्की सांगितलं असणार, कारण चिठ्ठीवर तसं लिहिलेलं मी नंतर वाचलं. पण त्या दिवशी "मेंदू" हा शब्द ऐकल्यावर माझे कान बंदच झाले. मी फक्त मान हलवत होते.

आबांनी मात्र एक वाक्य बरोबर पकडलं होतं.

मार्किंगचा खडू

"झोपीतच येते ना हे?" परतीच्या एसटीत आबा म्हणाले. "डुक्कर कवा येते? मानूस झोपला का येते. हेबी तसंच हाय. तिले लंबी झोपच नाई लागू देयाची. डाक्टरनं नाई का सांगितलं, जागवा म्हनून?"

"ते तपासणीसाठी होतं, बाबा," समूचे बाबा म्हणाले. पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. ते चिखलीला कृषी केंद्रात कामाला आहेत, दिवसभर बियाण्यांबद्दल बोलतात, घरात कमी बोलतात. मलाही ते थोडं पटलं. आदल्या रात्री जागवलं आणि झटका आला नाही, हे तर मीही पाहिलं होतं.

आणि आमच्या घरात जागल सुरू झाली.

अकरानंतर दर तासाला आबा ओसरीतून हाक द्यायचे, "समूऽऽ!" आणि तिने आतून "होऽऽ" म्हणायचं. नाही म्हटलं तर येऊन हलवायचे. एकही पाळी चुकू नये म्हणून प्रत्येक हाकेला दाराच्या चौकटीवर एक रेघ मारायचे, माझ्या मार्किंगच्या खडूने. शेतात मचाणाच्या खांबावर ते कोळशाने मारतात तशी. मलाही धीर वाटायचा. दोन हाकांच्या मध्ये मी तिच्या नाकाशी हात धरून श्वास बघायची. हात गार लागून ती तेव्हाही जागी व्हायची. पहाटे पाचला आबा चहा मांडायचे आणि समूला अर्धा कप द्यायचे, "तरतरी येते" म्हणून.

महिन्याभरात झटके कमी व्हायचे सोडून वाढले. आधी पंधरा दिवसांनी यायचा, आता आठवड्यात दोनदा. गोळी चालू होती, तरी. आबांनी दोन रेघा वाढवल्या. समू चिडचिडी झाली, नकला करायची बंद झाली. शाळेत बाकावरच झोपायला लागली. पोरं तिला कुंभकर्ण म्हणायला लागली. सरांनी निरोप पाठवला की रात्री मोबाईल देऊ नका. मोबाईल! मला रडावं की हसावं कळेना.

हळूहळू माझ्या मनात येऊ लागलं होतं की हे जागवणं काही बरोबर नाही. पण म्हणायचं कसं? सत्तरीचा माणूस, नातीसाठी रात्र रात्र बसतो. सकाळी त्यांचे लाल डोळे बघितले की मी बोलायचं टाळून मशीनवर जाऊन बसायची. आणि मग न बोलल्याच्या रागाने ती इतकी जोरात चालवायची की सुया तुटायच्या. एका बाईच्या ब्लाऊजची बाही मी उलटी लावली. ती म्हणाली, "काऊन वं अर्चना, लक्ष कुठी हाय?" मी म्हटलं, डोकं दुखतंय.

वही

मॅडमनी पहिल्याच भेटीत एक काम दिलं होतं, ते समूच्या बाबांनी मला घरी आल्यावर सांगितलं. वहीत रोज लिहायचं, पोरगी किती वाजता झोपली, किती वाजता उठली, रात्रीत कितीदा जागी झाली, दुपारी झोपली का, झटका आला का. मी शंभर पानी वही घेतली, पट्टीने रकाने आखले. पहिले आठ दिवस मी खोटं लिहिलं. "शांत झोपली." "शांत झोपली." परीक्षेचा पेपर असल्यासारखं वाटत होतं, कमी मार्क पडतील म्हणून भीती.

मग एका सकाळी झटका येऊन गेला. समू झोपली होती. मी वही उघडली आणि स्वतःचीच लाज वाटली. त्या दिवसापासून खरं लिहायला लागले. "कितीदा जागी झाली" या रकान्यासाठी मला काही आठवावं लागायचं नाही. दाराची चौकट बघायची आणि रेघा मोजायच्या.

दसऱ्याच्या आसपास पुन्हा जायचं होतं. कृषी केंद्रात रब्बीच्या बियाण्यांची गर्दी, समूच्या बाबांना सुट्टी नव्हती. मग मी, समू आणि आबा निघालो. आबांनी धुतलेलं धोतर, नवी टोपी. देऊळगाव राजाला गाडी थांबली तेव्हा त्यांनी खिडकीतूनच बालाजीला हात जोडले.

मॅडमनी वही उघडली आणि बोट फिरवत वाचायला लागल्या. "पाच... सहा... सहा... सात... आठ. ही इतक्या वेळा जागी होते रात्रीत? कशामुळे?"

मी समूची वेणी घट्ट करत बसले. वेणी आधीच घट्ट होती.

"होते काय मॅडम, आम्ही करतो!" आबा पुढे सरकून म्हणाले. "येक बी पाळी चुकली नाई. रेघा हायेत चौकटीवर."

मॅडमनी पेन खाली ठेवला. त्या रागावतील असं वाटलं, पण त्यांनी खुर्ची आबांकडे वळवली. "आबा, तुम्ही शेतात रात्रभर जागता, दुसऱ्या दिवशी कसं वाटतं?"

"डोस्कं भनभनते. कोनी बोललं तं खेकसावं वाटते. येकडाव तं वखर हाकता हाकताच पडलो व्हतो."

"तुमचं डोकं भणभणतं. हिच्या डोक्यात झटका उठतो. झोप मोडली की तिचे झटके वाढतात, आबा. तिला गोळीइतकीच झोपही हवी. सलग, न मोडता."

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. समू त्यांच्याकडे बघत होती आणि मी जमिनीकडे.

इथे एक गोष्ट कबूल करायची आहे. मॅडम बोलत होत्या तेव्हा मला आतून बरं वाटलं. जे मला महिनाभर बोलता आलं नाही ते दुसऱ्या कोणी बोललं, आणि दोष माझ्यावर आला नाही, म्हणून. बाहेर येईपर्यंत ते बरं वाटणं टिकलं. मग आबांना जिन्यावरून उतरताना कठडा धरावा लागला, आणि मला स्वतःचा राग आला.

परतीला देऊळगाव राजाला गाडी थांबली. आबा चहा प्यायला उतरले नाहीत. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. समू माझ्या मांडीवर झोपली होती. चिखली जवळ आल्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सूनबाई, म्या तिचं वाईट कराले नव्हतो बसत रातभर."

"मले माहीत हाय, आबा."

"म्याच पोरीचं..."

"आबा, हाका तुम्ही देत होते. पन नाकाशी हात तं मीच धरत होती ना? अन् चिठ्ठीवर लिहेल होतं, ते वाचलं कोनी नाई? मीच."

 घरी आल्यावर आबांनी चौकटीवरच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या आणि खडू माझ्या मशीनवर आणून ठेवला. "हा घे तुहा खडू."

तिघे जागे

पहिल्या रात्री नऊ वाजता टीव्ही बंद, दिवे बंद. साडेआठला गोळी झाली होती. दहा मिनिटांत समूचा श्वास एका लयीत लागला. घरात चार माणसं, त्यातलं जे आजारी तेच गाढ झोपलं होतं आणि धडधाकट तिघं टक्क जागे. मी हात उशीखाली दाबून धरला होता, नाहीतर तो आपोआप तिच्या नाकाशी गेला असता. ओसरीतून आबांच्या कूस बदलण्याचा आवाज येत होता. मध्येच त्यांनी घसा खाकरला आणि माझा जीव वर गेला, आता देतात हाक. त्यांनी दिली नाही.

सकाळी सात वाजता समू उठली आणि पहिलं वाक्य काय, तर "आज आबानं हाक देल्लीच नाई! रुसला का तो?" तिच्यासाठी तो खेळ होता. आबा ओसरीतून म्हणाले, "नाई रुसलो. आता तुही ड्युटी बदलली. झोपाची ड्युटी हाय तुले." तिने ते गंभीरपणे मान्य केलं.

दहा दिवस झटका नाही. आम्ही बोलत नव्हतो, पण प्रत्येकजण मोजत होता. अकराव्या पहाटे आला.

मी तिला कुशीवर वळवलं, घड्याळ पाहिलं. दीड मिनिट. ती झोपी गेल्यावर मागे बघते तर आबा उभे, आणि हातात खडू. मशीनवरून उचलून आणलेला.

"पाह्य," ते म्हणाले.  "हाक नव्हती, तरी आली. मले राहवत नाई, पोरी. म्या नुसता येकच डाव हाक देतो राती. येकच."

समूचे बाबाही म्हणाले, "एकदा बघायला काय हरकत आहे?"

आणि मी, जी लग्न होऊन आल्यापासून आबांसमोर कधी आवाज चढवून बोलले नव्हते, ती ओरडले. "एकबी नाई! तिच्या झोपीले कोनी हात नाई लावाचा. तुम्ही नाई, हेबी नाई, अन् मीबी नाई!" ओरडता ओरडता मला रडू फुटलं. त्यांच्या हातातून खडू घेतला आणि सरळ पदराला गाठ मारून बांधला. भीती मलाही तेवढीच वाटत होती. मॅडम चुकल्या असत्या तर? मी चुकले असते तर? माझ्याकडे फक्त ती वही होती. त्यात आठ रेघांचे दिवस होते आणि त्यांच्यापुढे झटके होते, आणि आताचे दहा दिवस कोरे होते. मी ती पानं दोघांसमोर धरली. समूच्या बाबांनी दोनदा वाचली. मग म्हणाले, "हिचं बरोबर आहे."

आबा ओसरीत जाऊन बसले. मी मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, घाबरू नका, असं होतं. गोळी थोडी वाढवली, आणि म्हणाल्या, झोपेचं चाललंय ते सोडू नका.

त्या हिवाळ्यात आबा जागलीला गेले नाहीत, पुढच्याही हिवाळ्यात नाही. हरभरा घाट्यावर आला, डुकरांनी एक कोपरा उलथून टाकला, तरी गेले नाहीत. चुलत दिरांचा मुलगा जाऊन बसायचा. कोणी विचारलं तर आबा म्हणायचे, "गया बसला हाय माहा." त्यांच्या गळ्याला काही झालेलं नव्हतं.

मधले दिवस

पुढचा झटका तीन आठवड्यांनी आला. त्याच्या पुढचा दोन महिन्यांनी. कधी लग्नाघरी जागरण झालं, कधी ताप आला, की एखादा यायचा. आम्ही शिकत गेलो. नऊ म्हणजे नऊ. पाहुणे आले तरी नऊ. पहाटेचा चहा बंद झाला, त्याजागी सातला दूध. समू माझी मापाची टेप हातात गुंडाळून झोपते, का ते तिलाच माहीत. टेप सापडली नाही की मी तिच्या अंथरुणात शोधते.

शाळेत मी स्वतः गेले. सरांना सांगितलं, मोबाईल नाही, हा आजार आहे, आणि झटका आला तर काय करायचं ते असं. सर तरुण आहेत, त्यांनी वहीत लिहून घेतलं. म्हणाले, आधी सांगितलं असतं तर मी पोरांना हसू दिलं नसतं. खरंच आहे ते. लपवलं मी आणि हसू तिला सोसावं लागलं.

मग मी माझ्या गिऱ्हाइकांनाही सांगायला लागले. माप घेता घेता बायका सगळंच बोलतात, मीही बोलले. काय गंमत, महिनाभरात तीन जणींनी आपापलं सांगितलं. एकीच्या भावाला होतं, एकीच्या भाच्याला, आणि एकीला तर स्वतःलाच लहानपणी. "माह्या नवऱ्याले अजून माहीत नाई," ती हळूच म्हणाली. दोन लेकरांची आई, चांगली धट्टीकट्टी. मी तिच्या ब्लाऊजची शिलाई घेतली नाही.

वहीतले जागी होण्याचे आणि झटक्याचे रकाने आता रिकामे जातात. "दुपारी झोपली का" यात कधीतरी रविवारी टिकमार्क. मला कधी कधी वाटतं, त्या महिन्यांत तिची झोप आम्ही जागोजागी उसवून ठेवली होती. पुन्हा शिवून व्हायला वेळ लागला, पण झाली.

समू आता दहाची आहे. गोळी चालूच आहे, मॅडम सांगतील तेव्हाच बंद करायची, आपल्या मनाने नाही. शेवटचा झटका येऊन आठ महिने झाले. नकला परत सुरू झाल्या. सगळ्यात हुबेहूब ती मॅडमची करते, पेन खाली ठेवून खुर्ची वळवण्याची. समू ती आबांना दाखवायला लागली तेव्हा मी आधी घाबरले होते. ते पोट धरून हसले.

यंदाची हाक

यंदा हरभरा घाट्यावर आला तेव्हा समूच आबांना म्हणाली, "आबा, तू काऊन नाई जात जागलीले? तुहा गया तं चांगला हाय, मले माहीत हाय."

 तिसऱ्या संध्याकाळी आबांनी घोंगडं खांद्यावर टाकलं, बॅटरी घेतली. आमचं शेत गावाला लागूनच आहे, घरामागचे दोन धुरे, म्हणजे बांध, ओलांडले की आलं. दारात ते थांबले. "सूनबाई, हाक घरापोतर ऐकू येईन. पोरगी उठीन का?"

 मी म्हटलं, "द्या हाक, आबा."

अकराच्या सुमारास ती आली. दोन हिवाळ्यांनी. "होऽऽ!" लांब, खणखणीत, तशीच. मी श्वास धरून समूकडे पाहिलं. पलीकडच्या शेतातून एकाने उत्तर दिलं, मग दुसऱ्याने. आमच्या घरातून कोणी दिलं नाही. समूच्या पापणीलाही धक्का लागला नाही. मी थोडा वेळ वाट बघितली, मग कूस बदलली. पुढच्या हाका मी ऐकल्याच नाहीत.

सकाळी आबा घोंगडं झटकत आले, डोळे लाल, चेहरा खुशीत. समू ओट्यावर दात घासत होती.

"काय वं, राती म्या हाक देल्ली. आयकली का?"

समूने ब्रश तोंडातून काढला आणि जरा चाचरत म्हणाली, "नाई आबा. मी झोपली होती."

सगळं आयुष्य जागलीला झोपणाऱ्यांना शिव्या घालण्यात गेलेला तो माणूस तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि फेसाने भरलेल्या तिच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाला, "शाब्बास रे माह्या वाघा!"